मनगट

बाबांनी माझ्यावर शेवटचा पट्टा उगारला तेव्हा मी नववीत होतो. तारीख आठवत नाही, उंची आठवते. त्या उन्हाळ्यात मी त्यांच्या खांद्याच्या वर गेलो होतो. मी त्यांचं मनगट धरलं. बोललो काहीच नाही. पुन्हा त्यांनी मला कधी मारलं नाही.

चौदा वर्षं मी त्या मनगटापाशी अडकलोय. कारण खऱ्या चुका मी त्यानंतरच केल्या. अकरावीत फिजिक्समध्ये नापास झालो, इंजिनिअरिंगला दोन विषय राहिले, खोटं बोलून गोव्याला गेलो. आधी गणितात चार मार्क गेले तरी पट्टा निघायचा. मार शिस्तीसाठी असेल, तर शिस्तीची गरज वाढली तेव्हाच तो कसा थांबला?

ऑफिसात एखादा बग कधी येतो आणि कधी येत नाही, हे पाहत पाहतच आम्ही कारणापर्यंत पोचतो. लहानपणी मी हेच करत होतो म्हणायचं. स्कूटर स्टँडवर कशी चढली, चपला कशा काढल्या, आईच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं की नाही. महिनाअखेर असेल तर जास्त सावध. माझं प्रगतिपुस्तक या यादीत बरंच खाली होतं.

महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या अभ्यासात, घरात मार खाल्लेल्या मुलांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. स्वीडननं 1979 मध्येच पालकांनाही मारायला बंदी केली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम शाळेतली छडी थांबवतं. घराच्या बाबतीत मात्र न्याय संहितेचं 27 वं कलम आहे, म्हणजे दंडसंहितेतलं जुनं 89 वं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकानं सद्हेतूनं केलेल्या कृत्याला ते संरक्षण देतं. त्यात मारण्याचा उल्लेख नाही, मर्यादाही घातल्या आहेत, पण आडोसा मिळतो. आणि वय कुठलं? मनगट धरता येत नाही ते.

मित्र म्हणतात, ‘मार खाल्ला म्हणून तर घडलो.’ ते खोटं बोलत नाहीत. वडिलांवर माया असेल, तर मार उपयोगी ठरवावाच लागतो. नाहीतर त्या संध्याकाळींचं करायचं काय? जे घडले नाहीत, ते या गप्पांना येत नाहीत, एवढंच.

मीही असंच म्हणायचो. मी अकरावीत होतो, ताई वीस वर्षांची. फोनवर कोणाशी बोलते म्हणून बाबांनी तिला माझ्यासमोर मारलं. मी तोवर त्यांच्याहून उंच झालो होतो. मी उठलो नाही. तिच्या भल्यासाठीच असेल, असं मला तेव्हा खरोखर वाटलं होतं.

परवा ताईच्या चार वर्षांच्या मुलानं बाबांचा चष्मा फोडला. बाबा हसले. त्याच्या पायाला काच लागू नये म्हणून स्वतः वाकून तुकडे गोळा करू लागले. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी केरसुणी आणायला उठलो.