न उगवलेले दाणे

जालना शहरात मस्तगड भागात एका आबांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. मृग तोंडावर आला की बदनापूर, अंबड, घनसावंगीकडचे शेतकरी सकाळच्या एसटीने उतरायचे आणि दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. कोणाला सोयाबीन हवं, कोणाला कपाशी, कोणाला तूर. निम्मा व्यवहार रोखीचा, निम्मा उधारीचा. उधारीचे पैसे यायचे ते दिवाळीनंतर, माल मोंढ्यात गेला की. त्यामुळे दुकानाचा सगळा जीव त्या उधारीच्या खात्यात होता.

हे खातं पूर्वी लाल वहीत असायचं. पुढे आबांच्या धाकट्या मुलाने, तो पुण्याला नोकरीत असताना, सुट्टीत येऊन सी प्लस प्लस भाषेत एक लहानसा प्रोग्रॅम लिहून दिला. शेतकऱ्याचं नाव आणि गाव टाकलं की मागची बाकी समोर यायची. नोंदी राहायच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, आणि प्रोग्रॅम व डेटाबेस यांच्यामधला निरोप पोचवायची सोसी नावाची लायब्ररी. ही लायब्ररी मुळात मात्सेय सोबचाक या माणसाने जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत ओरॅकलसाठी लिहिली आणि २००४च्या सुमारास सगळ्यांसाठी खुली केली. नंतर तिला पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट अशा एकेका डेटाबेसचे जोडभाग मिळत गेले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एकाच पद्धतीने प्रश्न विचारायचा. पलीकडे कोणता डेटाबेस आहे ते त्या त्या जोडभागाने पाहायचं. तिचा सोर्स कोणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, फुकट वापरावा. अणूच्या गाभ्यात काय दडलंय ते शोधणाऱ्यांच्या कामातून निघालेली वस्तू मस्तगडात सोयाबीनची उधारी सांभाळत होती. ज्यांनी ती अशी खुली ठेवली, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

एका मे महिन्यात दुकानातला जुना संगणक कायमचा बसला. नशिबाने डेटाबेसचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता. नवा संगणक आला, त्यावर उबुंटू आणि पोस्टग्रेस टाकून झालं, बॅकअपमधल्या नोंदी परत जागेवर आल्या. राहिली ती लायब्ररी आणि तो प्रोग्रॅम. प्रोग्रॅम लिहिणारा आबांचा तो धाकटा मुलगा, म्हणजे नातवंडांचे काका, आता जर्मनीत होते. त्यांनी फोनवर सांगितलं, "पेनड्राइव्हवर सोसीचा सोर्स ठेवलाय, ४.० आवृत्तीचा. माझा प्रोग्रॅम तिच्यावरच बेतलाय. तिथेच कंपाइल करून घ्या. अवघड काही नाही, फक्त स्क्रीनवर येतं ते वाचत जा."

आबांची दोन नातवंडं होती. थोरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, हात विजेसारखा चालणारा. धाकटी बारावी होऊन नुकतीच बी.एस्सी.ला गेलेली. ती त्याला दादा म्हणायची आणि त्याचं काम शेजारी बसून बघायची.

दादाने काम हातात घेतलं. सोर्सच्या फोल्डरमध्ये बिल्ड नावाचं रिकामं फोल्डर केलं, आत जाऊन सीमेकची कमांड दिली. कंपाइल करायला लागणाऱ्या गोष्टी आहेत की नाहीत ते सीमेक बघतं, प्रत्यक्ष बांधणी मेक करतं. स्क्रीनवर भराभर ओळी उमटल्या. हा कंपायलर, हे फोल्डर, हे सापडलं, ते सापडलं नाही. दादा ओळी संपायची वाट बघत होता. शेवटी सगळं तयार असल्याची ओळ आली आणि त्याने लगेच मेकची कमांड दिली. टक्के वाढत गेले. दहा, चाळीस, पंच्याहत्तर, शंभर. एकही एरर नाही. मग इन्स्टॉल. पुन्हा ओळींचा पूर, पुन्हा एरर नाही.

"मधे काहीतरी वॉर्निंग आली होती का रे दादा?" धाकटीने विचारलं.

"वॉर्निंग येतच असतात. एरर आली तर बघायचं."

त्याने काकांचा प्रोग्रॅम कंपाइल केला आणि चालवला. उत्तर आलं, सोसीची मुख्य फाइल सापडत नाही. दादाने मोबाइलवर शोधलं, कोणाचं तरी उत्तर मिळालं, त्यातली ओळ उतरवून घेतली. कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं, पण एरर बदलली. आता प्रोग्रॅम म्हणत होता, पोस्टग्रेसचा जोडभाग सापडत नाही. दादाने आणखी एक ओळ उतरवली, मग आणखी एक. फोल्डरच्या सगळ्या परवानग्या सगळ्यांना खुल्या करून झाल्या, तेच इन्स्टॉल पुन्हा करून झालं. एरर जागची हलेना.

एवढ्यात घनसावंगीकडचा एक शेतकरी येऊन बसला. त्याला मागची बाकी चुकती करून नवं बियाणं न्यायचं होतं. बाकी किती ते सांगणार कोण? आबा पावत्यांचा गठ्ठा सोडून बसले. शेतकऱ्याची परतीची गाडी होती. तास गेला, दोन गेले. शेवटी त्याच्याच तोंडून आकडा विचारून आबांनी तो कागदावर टिपला. दोघांनाही ते जड गेलं. शेतकऱ्याला वाटलं, आपल्यावर विश्वास ठेवून आबा नुकसान सोसतायत की काय. आणि आबांना वाटलं, पन्नास वर्षांच्या दुकानात गिऱ्हाइकाला त्याचीच बाकी विचारायची वेळ आली.

रात्री दादा म्हणाला, "पोस्टग्रेसच बिघडलंय. उद्या काढून टाकतो आणि नव्याने घालतो."

"त्यात आपलं खातं आहे ना?" धाकटी म्हणाली.

"बॅकअप आहे की."

"दादा, उद्या सकाळपर्यंत हात लावू नकोस. एवढं ऐक माझं."

आबांचा एक नेम होता. घरचं सोयाबीन पेरणारे शेतकरी मूठभर बियाणं त्यांच्याकडे आणून द्यायचे आणि आबा त्याची उगवण तपासून द्यायचे, पैसे न घेता. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, असे शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, मग वळकटी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. पाच-सात दिवसांनी वळकटी उघडायची. सत्तर किंवा जास्त दाण्यांना चांगले कोंब आले तर बियाणं पेरायला हरकत नाही. कमी आले तर एकरी बियाणं वाढवा, नाहीतर दुसरं घ्या. सोयाबीनचं टरफल पातळ, पोतं जोरात आपटलं तरी आतला कोंब दुखावतो. वरून दाणा अगदी टपोरा दिसतो. पेरल्यावर मात्र शेतात ठिकठिकाणी रिकाम्या जागा राहतात, आणि तोवर पाऊसही गेलेला असतो आणि पैसाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अशीच एक वळकटी उघडायची होती. धाकटी मदतीला बसली. तिने कोंब आलेले दाणे भराभर मोजले, "अठ्ठ्याहत्तर. पास!" म्हणाली आणि गोणपाट झटकायला उचललं. आबांनी तिचा हात धरला.

"थांब बाळा. बावीस राहिले ना? ते बघू."

त्यांनी न उगवलेले दाणे तळहातावर घेतले. एकेक दाबून बघितला. काही कडक होते, पाणी आतच गेलं नव्हतं. काही मऊ पडून सडले होते. पाच-सहांच्या टरफलाला बारीक चीर होती. आबांनी चिठ्ठीवर लिहिलं, पोती उंचावरून टाकू नयेत, पेरताना बुरशीनाशक चोळावं.

"अठ्ठ्याहत्तरवर खूश होऊन उठलो असतो तर हे कळलं असतं का?" आबा म्हणाले. "उगवलेल्या दाण्याला काही सांगायचं नसतं. न उगवलेला दाणा सांगत असतो, पण थांबून ऐकावं लागतं. कामाचं असंच आहे, कोणतंही असो. ते काय बोलतंय ते आधी ऐकायचं, मग पुढचा हात घालायचा."

दादा दारात उभा राहून ऐकत होता. तो काही बोलला नाही. आत जाऊन त्याने बिल्डचं फोल्डर रिकामं केलं, मोबाइलवरून उतरवलेल्या ओळी काढून टाकल्या आणि धाकटीला हाक मारली. "ये, तू वाच. मी थांबतो."

सीमेकची कमांड पुन्हा दिली. या वेळी दोघं पहिल्या ओळीपर्यंत वर सरकवून तिथून वाचत बसले. धाकटी मोठ्याने वाचत होती. बऱ्याच ओळी निरुपद्रवी होत्या. मग ती थांबली. पोस्टग्रेसच्या जोडभागाला लागणाऱ्या गोष्टी सापडल्या नाहीत म्हणून तो जोडभाग सोडून देत आहे, असं तिथे साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. आणि खाली सगळ्या पर्यायांची यादी होती, तिच्यात पोस्टग्रेसपुढे 'ऑफ'.

काल हीच ओळ याच स्क्रीनवरून गेली होती.

यात सीमेकने लपवाछपवी केली असं म्हणता येणार नाही. प्रत्येकाला प्रत्येक डेटाबेस लागत नाही. ज्याच्याकडे ओरॅकल नाही त्याचं काम ओरॅकलवाचून अडू नये, म्हणून जे मिळालं नाही ते गाळून ही लायब्ररी बाकीचं बांधते आणि काय गाळलं ते सांगते. सांगण्याचं काम तिने केलं होतं. मेकला उरलेलं बांधायचं होतं, ते त्याने शंभर टक्के बांधलं. त्या शंभरात पोस्टग्रेस नव्हतंच.

"पण पोस्टग्रेस तर चालू आहे," दादा म्हणाला. "मग सापडत कसं नाही?"

मग दोघांनी शांतपणे शोधलं. डेटाबेस चालवायला लागतात त्या फाइली वेगळ्या आणि त्याच्याशी बोलणारा प्रोग्रॅम कंपाइल करायला लागतात त्या हेडर फाइली वेगळ्या. उबुंटूमध्ये ही हेडरं लिबपीक्यू-डेव्ह नावाच्या स्वतंत्र पॅकेजात मिळतात, आणि ते पॅकेज या संगणकावर कोणी घातलेलंच नव्हतं. एका कमांडने ते आलं. बिल्डचं फोल्डर पुन्हा रिकामं केलं, सीमेक पुन्हा चालवलं. यादीत पोस्टग्रेसपुढे 'ऑन' आलं. दादाचा हात मेककडे गेला आणि थबकला. त्याने यादी शेवटपर्यंत वाचली, मगच कमांड दिली.

कंपाइल झाल्यावर तो इन्स्टॉल करणार तोच धाकटी म्हणाली, "उगवण बघायची राहिली."

सोसीच्या सोर्ससोबत तिच्या चाचण्याही येतात. त्या चाचण्या डेटाबेसमध्ये तात्पुरते तक्ते करतात, त्यात भरतात, वाचतात आणि ते तक्ते पुसून टाकतात. म्हणून त्यांना दुकानाच्या खात्याजवळ फिरकू द्यायचं नाही, एवढं दोघांनाही कळलं. त्यांनी चाचणीपुरता एक वेगळा रिकामा डेटाबेस केला, त्याचं नाव चाचण्यांना सांगितलं आणि त्या चालवल्या. पोस्टग्रेसच्या चाचण्या पार पडल्या.

इन्स्टॉल करतानाही ओळी वाचल्या. फाइली युझर-लोकलमधल्या लिब६४ या फोल्डरात जात होत्या. उबुंटू आपणहून तिथे बघत नाही, तो लिबमध्ये बघतो. मुख्य फाइल सापडत नाही ही कालची पहिली तक्रार इथली होती. दादाने ते फोल्डर सिस्टिमच्या यादीत एका ओळीने नोंदवलं आणि एलडीकॉन्फिग चालवलं, म्हणजे सिस्टिमने आपली यादी ताजी करून घेतली. मोबाइलवरून आणलेल्या एकाही ओळीची गरज पडली नाही.

प्रोग्रॅम सुरू झाला. धाकटीने घनसावंगीच्या त्या शेतकऱ्याचं नाव टाकलं. त्याने स्वतःच्या तोंडून सांगितलेला आकडा आणि खात्यातला आकडा तंतोतंत एकच होता. आबांनी लगेच त्याला फोन लावला आणि ते सांगितलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

दुपारी दादाने काकांच्या सोर्ससोबत एक मजकुराची फाइल जोडली. कोणती पॅकेजं आधी घालायची, यादीत कोणत्या ओळीपुढे 'ऑन' दिसलंच पाहिजे, चाचणीसाठी वेगळा डेटाबेस का करायचा, लिब६४चं काय करायचं, हे सगळं त्याने मराठीत लिहिलं. धाकटीने ते वाचून दोन ठिकाणी दुरुस्त केलं. मस्तगडाची गढी निजाम आसफजाहच्या हुकमाने काबिलखानाने १७२५ साली बांधली, हे आज आपण सांगू शकतो ते कोणीतरी त्या वेळी फारसीत कोरून ठेवलं म्हणून. लिहून ठेवणाऱ्याचं नाव राहो न राहो, पुढच्याचं काम होतं.

पुढच्याच आठवड्यात त्या फाइलीची गरज लागली. मोंढ्यातल्या एका खताच्या दुकानदाराला आबांच्याकडचा प्रोग्रॅम हवा होता. दादा पेनड्राइव्ह घेऊन गेला. त्या दुकानात हिशोब मायएसक्यूएलमध्ये होता. दुकानदार घाईत होता, म्हणाला, "तुझ्या हाताखालचं काम आहे, दहा मिनिटांत उरकशील."

दादाने सीमेक चालवलं आणि खुर्ची पुढे ओढून पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. यादीत मायएसक्यूएलपुढे 'ऑफ' होतं.

"काका, वेळ लागेल," तो म्हणाला. "आधी तुमच्याकडची हेडरं बघू."