ओळख आणि पाळत

अलिबागेहून पेणेस जातांना धरमतरची खाडी लागते. पूर्वीं मुंबईहून येणारी आगबोट येथें लागत असे, आणि धक्क्यावरचे गाडीवान उतारूचा चेहरा पाहूनच तो कोणाकडे जावयाचा हें ओळखीत, असें माझे वडील सांगत. आतां आगबोट नाहीं. पुलावरून मोटारी धांवतात व खाडींतून डोलवीच्या पोलाद-कारखान्याचा माल घेऊन बार्जी जातात. गेल्या श्रावणांत याच पुलावर माझ्या शेजारीं बसलेल्या भाचीचा फोन वाजला. तिनें तो पाहिला, कांहीं न बोलतां पालथा करून मांडीवर ठेविला, आणि ती खिडकीबाहेर पाहूं लागली. तिचें बाळ आतां सात महिन्यांचें झालें असून त्याच्या उष्टावणासाठीं चांदीची वाटी व चमचा सवलतीच्या दरांत मिळेल, असा तो संदेश होता, हें तिनें मागाहून सांगितलें. तिला बाळ नाहीं. गेल्या दिवाळीच्या सुमारास सातव्या महिन्यांतच तें गेलें. (हें लिहिण्यास मीं तिची परवानगी घेतली आहे. "नांव घालूं नका, मामा, बाकी सगळं लिहा," असें ती म्हणाली.)

या संदेशामागें चोरी नव्हती. गरोदरपणांतील आठवडे मोजून सल्ला देणारी एक सोय तिनें फोनवर घेतली होती, व ती घेतांना 'मला मान्य आहे' या चौकोनावर बोट ठेविलें होतें. त्या चौकोनाच्या वर पानेंच्या पानें मजकूर होता. मी इंग्रजीचा अध्यापक; विद्यार्थ्यांना ओळ न ओळ वाचावयास शिकविण्यांत माझा जन्म गेला; परंतु तसला मजकूर मीं स्वतः एकदांहि शेवटपर्यंत वाचलेला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. एकदां दिलेली ती माहिती पुढें किती हातांतून फिरली हें भाचीस ठाऊक नाहीं, आणि बहुधा त्या हातांनांहि एकमेकांचा पत्ता नसेल. यंत्रानें प्रसूतीची तारीख मोजली व तेथून पुढें तें हिशेब चालवीत राहिलें. घरांत ज्याचा विषय कोणी काढीत नव्हतें, तें बाळ व्यापाऱ्याच्या टिपणांत महिन्या-महिन्यानें मोठें होत होतें.

आम्ही पेणेस चाललों होतों तें गणपतीची मूर्ति सांगण्यासाठीं. पेणच्या मूर्तींची ख्याति वाचकांस नव्यानें सांगावी असें नाहीं. परदेशांतील मराठी घरांतहि ती मूर्ति जाते. भाचीच्या सासरची मंडळी तीन पिढ्या एकाच कारखान्यांतून मूर्ति नेत आली आहेत. तेथील वृद्ध कारागीर एका लांबट वहींत प्रत्येक घराची एक ओळ ठेवितात: उंची किती, बैठक कोणती, पीतांबराचा रंग कोणता. वहींत न लिहिलेलें त्यांना याहून पुष्कळ ठाऊक असतें. भावाभावांत वांटणी झाल्यामुळें यंदा कोणाच्या दोन मूर्ति होणार, कोणाकडे सुतक आहे, कोणी दर वर्षीपेक्षां लहान मूर्ति मागितली व ती कां, हें सारें त्यांच्या डोक्यांत असतें. घरांत गरोदर स्त्री असतां मूर्तीचें विसर्जन करावयाचें नाहीं, अशी आमच्याकडे पुष्कळ घरांत चाल आहे. त्यामुळें गेल्या वर्षीं भाचीच्या सासूबाईंनीं, मूर्ति कांहीं महिने टिकेल अशी पक्की पाहून द्या, म्हणून सांगितलें होतें, व त्याचें कारण अर्थात् म्हाताऱ्यांस कळलें होतें. या वर्षीं भाची रिकाम्या हातांनीं त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनीं एकवार तिच्याकडे पाहिलें, वही उघडली, पुन्हां मिटली, आणि म्हणाले, "बस, बाय. दर वर्षीं सासूबाई सांगतात. यंदा शेल्याचा रंग तूं सांग." तिनें पिवळा सांगितला. त्या विषयाबद्दल याहून एक अक्षरहि निघालें नाहीं.

माहिती दोघांपाशींहि होती, आणि म्हाताऱ्यांपाशीं होती ती अधिक खरी होती. व्यापारहि दोघे करीत होते. म्हाताऱ्यांना मूर्ति विकावयाची होतीच. तेव्हां गिऱ्हाईकाची आवड जाणून तिच्या बेतानें माल पुढें करणें यांत मुळांतच पाप आहे, असें मला म्हणतां येत नाहीं. न्यू जर्सींतील एखाद्या मराठी घराला पेणच्या शाडूच्या मूर्तीची जाहिरात दिसली, तर त्यांत त्या घराचेंहि सुख आहे व कारागिराचेंहि. मग अंतर कशांत? जुनें तें माणुसकीचें व नवें तें यांत्रिक, हें उत्तर सहज सुचतें. मला तें मोहवितें, म्हणूनच मी त्याचा संशय धरितों. ज्या गांवानें भाचीचें दुःख न बोलतां ओळखलें, तसल्याच गांवांनीं पूर्वीं विधवेच्या उंबऱ्यावर पाळत ठेविली आणि कोण कोणत्या विहिरीवर पाणी भरतो हें मोजलें. गांव सोडून मुंबईस गेलेल्या कित्येकांना पहिलें सुख वाटलें तें तेथें आपणांस कोणी ओळखीत नाहीं याचेंच. आणि वहीचें म्हणाल, तर मराठी मुलखांत वहीनें काय केलें तें इतिहासांत नमूद आहे.

१८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, व तें लोण पुणें आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें. त्या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या दप्तरावर होता. त्यांनीं खतें मागून घेतलीं व जाळलीं. त्या खतांवर शेतकऱ्यांची संमति होतीच. नांगराची निशाणी करून त्यांनींच ती दिली होती. वर काय लिहिलें आहे तें त्यांना वाचतां येत नव्हतें, आणि वाचतां आलें असतें तरी सारा भरण्याच्या दिवसांत नाहीं म्हणण्याची सोय कोठें होती? सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ मध्यें डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट झाला. केवळ खतावरील निशाणी पाहून थांबूं नये, खताच्या मागें जावें, व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असें त्या कायद्यानें न्यायाधीशास सांगितलें. धनकोनें पावती द्यावी व हिशेबाचा उतारा द्यावा असेंहि त्यांत घातलें. त्यामुळें सावकार किती सुधारले, हा निराळा विषय आहे. सही झाली म्हणजे संमति मिळाली असें समजूं नये, ही त्या कायद्यांतील कल्पना मला आज मोलाची वाटते.

कारण चौकोनावरचें आमचें बोट आणि ती नांगराची निशाणी यांत मला फारसें अंतर दिसत नाहीं. आम्ही साक्षर आहों एवढेंच. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं पुट्टस्वामी खटल्यांत, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा एकमतानें निर्णय दिला. ऑगस्ट २०२३ मध्यें डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. व्यापाऱ्यांवरील मुख्य बंधनें त्यानंतर १८ महिन्यांनीं लागू व्हावयाचीं, असें त्यांत ठरविलें आहे. कायद्यानें संमतीस लाविलेलीं विशेषणें वाचतांना मला १८७९ ची आठवण झाली. ती मोकळेपणीं दिलेली, विशिष्ट हेतूपुरती, समजून-उमजून, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी. देणें जितकें सोपें, तितकेंच ती परत घेणेंहि सोपें असावें. सूचना मराठींतहि मिळण्याची सोय असावी. १८ वर्षांखालील मुलांच्या वागणुकीवर नजर ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती करण्यास मनाई आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊं शकतो. माहिती बाळगणाऱ्यास इंग्रजी मसुद्यांत जो शब्द योजिला आहे, त्याचा अर्थ विश्वस्त असा होतो. शब्द थोर आहे. विश्वस्तानें दुसऱ्याची ठेव सांभाळावयाची असते, तिच्यावर स्वतःचें दुकान चालवावयाचें नसतें. पण सज्ञान माणसापुरता हा दुसरा भाग कायद्यानें बहुतांशीं त्या माणसाच्या संमतीवरच सोपविला आहे.

आतां समजा, भाचीच्या बाबतींत हा कायदा अक्षरशः पाळला गेला. सूचना मराठींत आली, तिनें ती वाचली, व होय म्हटलें. तो आनंदाचा दिवस होता. तिची संमति खरी होती. पुढें दुःख आलें. कायदा म्हणतो, संमति परत घे. म्हणजे ज्या बाईस तो विषय मनांतहि आणवत नाहीं, तिनेंच त्या दुकानीं पुन्हां जाऊन, माझें बाळ गेलें, आतां माझें नांव काढा, असें सांगावयाचें! हक्क म्हणून जें दिलें, तें दुःखिताच्या माथीं एक काम होऊन बसलें. यंत्रास गप्प राहतां आलें नसतें असें नाहीं. महिनेन् महिने तिनें एकाहि संदेशास उत्तर दिलें नव्हतें, ही खूण पुरेशी होती. नियमांत अशी एक तरतूद आहे खरी: गिऱ्हाईक तीन वर्षें फिरकलें नाहीं, तर कांहीं फार मोठ्या कंपन्यांनीं त्याची माहिती पुसून टाकावी. तीन वर्षांत तें बाळ बालवाडींत गेलें असतें. माझ्या मतें मौनाचा अर्थ नकार असाच धरला पाहिजे, आणि पुन्हां विचारण्याचा त्रास, ज्याला विकावयाचें आहे त्यानें सोसला पाहिजे. आज गप्प राहिल्यास तोटा व्यापाऱ्याचा व बोलल्यास वेदना भाचीची, असा हिशेब असल्यावर तो कशास गप्प राहील?

म्हाताऱ्यांना गप्प राहण्यास कारण होतें. तीं माणसें पुढल्या वर्षीं पुन्हां त्यांच्या समोर यावयाचीं होतीं. भाचीच्या सासरचें घर त्यांना ठाऊक, तसें त्यांचें घर सासरच्यांस ठाऊक. त्यांच्या घरचीं आजारपणें, मुलाचें मोडलेलें लग्न, सारें. ते चुकते तर त्यांना कोणी तरी जाब विचारला असता. संदेश पाठविणाऱ्याचा चेहरा भाचीनें कधीं पाहिलेला नाहीं व पाहणारहि नाहीं. ओळख दोन्हीं बाजूंनीं असते, पाळत एकाच बाजूनें, असा मी या दोन शब्दांतला भेद करितों. आणि विधवेच्या उंबऱ्यावर नजर ठेवणारें गांवहि त्या भेदांत पलीकडल्या बाजूसच पडतें, कारण त्या विधवेला गांवास कांहींच विचारतां येत नव्हतें.

निघतांना म्हाताऱ्यांनीं मला बाजूस घेतलें. एक मिठाईवाला त्यांच्या वहींतील नांवें व फोन मागत होता, आणि पैसे चांगले देणार होता. "सर, तुम्ही शिकलेले. देऊं का?" मीं त्यांना सांगितलें कीं, कागदी वहीस हा नवा कायदा लागत नाहीं, ती संगणकांत उतरली म्हणजे लागेल. मग म्हणालों, "द्यायचीच असेल, तर ज्याची ओळ त्याला आधीं विचारा."

"सातशें घरं आहेत, सर."

"सातशें घरांना विचारा."

"त्यापेक्षां नाहीं दिलेली बरी," असें म्हणून ते हंसले व वही त्यांनीं मांडीखालीं सारली. मुलगा मागें बसून एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करीत होता. हातांतली कुंचली न हालवितां तो म्हणाला, "बाबा, आपले नंबर विकले, तेव्हां आपल्याला कोणी विचारलं होतं का?" म्हाताऱ्यांनीं माझ्याकडे पाहिलें. त्या मुलास काय उत्तर द्यावें, हें मला त्या दिवशीं सुचलें नाहीं.