सोबतिणीचा पगार

इस्लामपुरासारख्या तालुक्याच्या गावी लहान दवाखाना चालविणाऱ्याची अडचण आम्ही जाणतो. डॉक्टर पुरुष, औषध देणारा पुरुष, आणि स्त्रीस तपासावयाचे झाल्यास जवळ उभी राहण्यास बाई नाही. तशी बाई नेमावी तर दरमहा एक पगार वाढला. तो कोणी द्यावा?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत, पुरुष डॉक्टर तपासीत असता दुसरी स्त्री हजर असणे हा रुग्णेचा हक्क मानिला असून तिची तजवीज करणे हे रुग्णालयाच्या चालकांचे कर्तव्य सांगितले आहे. परंतु कर्तव्य नेमून दिल्याने पैसा येत नाही. म्हणून पुष्कळ जण सोपी वाट धरितात : "घरची बाई बरोबर आणा."

ही वाट फुकटाची दिसते. ती तशी नाही. ऊसतोडीस मराठवाड्यातून येणाऱ्या जोडप्यांचेच पाहा. नवराबायको मिळून एक कोयता. बायको दवाखान्यात गेली की कोयता अडतो, आणि मुकादम खाडा धरितो तो निराळा. तिने सोबतीण आणावयाची म्हणजे दुसऱ्या कोयत्याचाही दिवस बुडवावयाचा. दवाखान्याचा वाचलेला पगार असा फडावर वसूल होतो. नाही तर ती बाई येतच नाही. दुखणे अंगावर काढिते. गावच्या सुनेबरोबर सासू आली तर खर्च नाही खरा, पण सासूसमोर ती काय बोलणार?

कोणी सज्जन डॉक्टर विचारतील, आमच्यावर विश्वास नाही काय? वाचकहो, मंडळीचे दान दोघांनी मोजावे असा नियम असतो, तो एकजण चोर आहे म्हणून नव्हे. खोट्या आळापासून त्याचाही बचाव होतो. मात्र केर काढणाऱ्या बाईस हाक मारून कोपऱ्यात उभे करणे ही सोबत नव्हे. धन्यास "थांबा" म्हणण्याची मुभा तिला कोण देणार?

१८८५ साली डफरिन फंड उभारिला गेला तो स्त्रियांस स्त्रीवैद्यांची मदत मिळावी म्हणूनच; त्यास लोकांनी पैसा दिला. आज दोन-तीन दवाखान्यांनी मिळून एक परिचारिका ठेवावी, स्त्रियांच्या तपासणीच्या वेळा बाजाराच्या दिवशी बांधून द्याव्या, आणि तिचा पगार सर्वांच्या फीवर, पुरुषांच्याही, थोडथोडा बसवावा. पुरुषांनी का द्यावा असे विचारणाऱ्यास आम्ही इतकेच विचारतो की, आपल्या घरी बायका नाहीत काय? रात्री अवेळी आलेल्या रुग्णेची अडचण मात्र याने भागत नाही. तेव्हा शेजारणीलाच उठवावे लागेल, आणि तिच्या मोडलेल्या झोपेचे चार पैसे दवाखान्याने द्यावे.