चाळीसगावचा टांगा आणि विटाळाचा प्रश्न

भाड्याच्या वाहनात कोणाशेजारी कोण बसले म्हणजे विटाळ होतो, हा प्रश्न आज कोणी उघडपणे विचारत नाही. पण बैलगाडी, टांगा आणि रेल्वे पैसे देईल त्याच्यासाठी धावू लागली, तेव्हा धर्म आणि व्यवहार यांच्यात याच प्रश्नावरून ओढाताण झाली. तिचा सर्वांत बोलका दाखला खानदेशातला आहे.

गर्दीत शिवाशिव पाळता येत नाही, हे शास्त्रकारांनाही ठाऊक होते. देवाची यात्रा, लग्न, यज्ञ आणि उत्सव अशा प्रसंगी स्पर्शाचा दोष लागत नाही, असे अत्रीच्या नावावरचे एक स्मृतिवचन सांगते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या प्रकारच्या वचनांची नोंद घेतली आहे. 1860 च्या दशकात खानदेशात रूळ आले आणि भुसावळ हे मोठे जंक्शन झाले, तेव्हा रेल्वेच्या डब्यालाही लोकांनी मनातल्या मनात हीच सवलत लावली. घरी पोचल्यावर आंघोळ केली की झाले. मात्र सवलत म्हणजे समता नव्हे. सवलतीत नियम मोडत नाही; तो घटकाभर खुंटीला टांगलेला असतो आणि घरी आल्यावर पुन्हा अंगावर चढतो.

टांग्याचे तसे नसते. रेल्वेचा ड्रायव्हर दूर इंजिनात असतो, आपण कोणाला नेतो आहोत हे त्याला कळतही नाही. टांगेवाला उताराला पाहतो, त्याच्याशी भाडे ठरवतो आणि त्याच्याच गाडीत बसून घोडा हाकतो.

1929 साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे आणि त्यांच्या एका सहकाऱ्याकडे खानदेशचे दोन्ही जिल्हे होते. धुळे मार्गावरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता. त्याची चौकशी करून बाबासाहेब गाडीने चाळीसगावला परतले. तिथले महार बांधव हार घेऊन स्टेशनावर थांबले होते. रात्रीचा मुक्काम महारवाड्यात ठरला होता. महारवाडा सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे, म्हणजे पायी जाता येईल इतक्या अंतरावर होता. स्टेशनाबाहेर टांगे भरपूर होते, तरी तासभर कोणी हलेना. अखेर एक टांगा आला. हाकणारा आणि बाबासाहेब असे दोघेच त्यात होते. बाकीचे जवळच्या वाटेने पायी निघाले. दोनशे पावलांच्या आतच टांगा मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवर फरशी होती. तिला कठडा नव्हता, कडेला फक्त अंतराअंतरावर दगड रोवलेले होते, आणि रस्त्यावरून तिच्यावर यायला काटकोनात वळावे लागे. पहिल्याच दगडाशी घोडा उधळला, चाक दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा खाली नदीत पडले. बाबासाहेबांचा पाय मोडला.

तासभराच्या खोळंब्याचे कारण त्यांना नंतर कळले. अस्पृश्य उतारूला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणे त्याच्या मानाला शोभणार नाही, असे महार बांधवांना वाटले. शेवटी तोड निघाली ती अशी, की मालक टांगा भाड्याने देईल पण हाकणार नाही. हाकायला माणूस महार बांधवांनी आपल्यातला आणावा. ज्याने लगाम धरला त्याचा तो धंदाच नव्हता.

या तोडीत विटाळ कुठे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. बसायची जागा अस्पृश्य उतारूच्या स्पर्शाने बाटेल ही भीती असती, तर टांगा मिळालाच नसता. टांगा मिळाला, घोडा मिळाला, भाडेही घेतले गेले. नाकारले गेले ते फक्त हाकणे. म्हणजे नकार स्पर्शाला नव्हता, सेवेला होता. ज्याला समाजाने खाली ठेवले, त्याची गाडी आपण हाकली तर आपण त्याच्याही खाली जातो, ही ती भावना होती. उतारू बॅरिस्टर आणि मुंबई कायदेमंडळाचा सदस्य होता, याने त्यात काडीचा फरक पडला नाही.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी 1901 सालचा असाच एक प्रसंग दिला आहे. ते, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले मसूरहून गोरेगावला निघाली होती. दुप्पट भाडे घेऊन गाडीवान तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार, या अटीवर. दिवस कलल्यावर काही मैल गेल्यावर मात्र त्याने गाडीत उडी मारली आणि मुलांच्या हातातले कासरे घेतले. मुले तीच होती, गाडी तीच होती. बघणारे लोक तेवढे उरले नव्हते.

चाळीसगावच्या लोकांनी आपल्या पाहुण्याच्या मानासाठी त्याचा जीव धोक्यात घातला, असा निष्कर्ष बाबासाहेबांनी काढला. तो खरा आहे. पण दोष त्या लोकांपाशी थांबत नाही. स्टेशनावर उतरलेल्या दुसऱ्या कोणालाही मान आणि जीव यांतून एक निवडावे लागत नव्हते.

या प्रश्नाचे तत्त्वज्ञानातले उत्तर जुनेच आहे, आणि तेही रस्त्यावरचे आहे. काशीच्या वाटेत शंकराचार्यांनी चांडाळाला बाजूला व्हायला सांगितले, तेव्हा त्याने विचारले, बाजूला काय व्हावे, देह की आत्मा? आचार्य निरुत्तर झाले, असे आख्यायिका सांगते. मुक्ताईच्या भूमीत, खानदेशातही, वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तरी पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून एकेकाळी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले. परमार्थात अभेद आणि व्यवहारात भेद, अशी वाटणी करून घेतली की अभेदाचे कोणाला ओझे होत नाही.

ती वाटणी मोडायला कायदा लागला. राज्यघटनेच्या 15 व्या कलमात विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते यांचा उल्लेख आहे, वाहनाचा नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वाहन नाकारणे हा गुन्हा आहे, असे 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याच्या चौथ्या कलमाने स्पष्ट शब्दांत सांगितले. ही तरतूद चाळीसगावच्या अपघातानंतर 26 वर्षांनी आली.