जन्मतःच दुष्ट?

रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग संपल्यावर आठवीतील एक मुलगी जाडजूड इंग्रजी कादंबरी हातात घेऊन माझ्यापाशी आली. पुस्तक तिने आदल्या रात्री वाचून संपवले होते आणि त्याच्या शेवटावर ती नाराज होती. “फादर, चांगल्या लोकांनी सांभाळूनसुद्धा तो वाईटच निघाला. म्हणजे तो जन्मतःच वाईट होता का?” त्या वेळी मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून जाईना. अखेर पुस्तक तिच्याकडूनच मागून घेतले आणि वाचले. ख्रिस्तसभेचे आचार्य ज्या प्रश्नाशी शतकानुशतके झुंजले, तोच प्रश्न मुलांच्या गोष्टीत उभा होता.

‘आउटकास्ट ऑफ रेडवॉल’ (१९९५) हे त्या कादंबरीचे नाव. तिचे लेखक ब्रायन जेक्स (१९३९–२०११) लिव्हरपूलच्या गोदी परिसरात वाढले. दूध घालण्याचे काम करीत असताना ते एका अंधशाळेत दूध पोहोचवीत. तेथील मुलांना गोष्टी वाचून दाखवता दाखवता त्यांनी स्वतःच एक गोष्ट रचली. ती ‘रेडवॉल’ या नावाने १९८६ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे तिची २२ कादंबऱ्यांची मालिका झाली. रेडवॉल हा उंदरांचा मठ आहे. आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, भुकेल्याला जेवू घालणे हे त्याचे व्रत. उंदीर, खारी, पाणमांजरे आणि बॅजर हे या जगातले सज्जन. घुशीएवढे मोठे उंदीर, कोल्हे आणि मुंगसासारख्या लांबट अंगाचे फेरेट व विझल हे दुर्जन. प्राण्याची जात कळली की त्याचे चारित्र्यही बहुधा कळते.

या कादंबरीत एका क्रूर फेरेट सरदाराचे तान्हे मूल टाकून दिलेले सापडते. ब्रायोनी नावाची तरुण उंदरीण त्याला पोटच्या पोरासारखे वाढवते. मठात ज्येष्ठतेचा मान असलेली बेला ही बॅजरीण त्या बाळाचे नाव ठेवते ‘वेल’. या इंग्रजी शब्दाचा अर्थ पडदा किंवा बुरखा. पण त्याच चार अक्षरांची उलटापालट केली, की ‘दुष्ट’ आणि ‘अधम’ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द तयार होतात, आणि बेलाने नाव ठेवले ते हे जाणूनच. वेल मोठा होतो, चोऱ्या करतो, अखेर विषप्रयोगाचा प्रयत्न करतो आणि मठातून हद्दपार होतो. शेवटी मात्र ब्रायोनीवर फेकलेला भाला तो स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरतो. भाला फेकणारा त्याचा जन्मदाता बापच असतो. पण इतके होऊनही ब्रायोनी निष्कर्ष काढते तो वेल वाईटच होता असा. आमची विद्यार्थिनी नाराज झाली ती इथेच, आणि मला वाटते तिची नाराजी रास्त होती.

लेखकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. प्राणिकथेत जात हा मुखवटा असतो. पंचतंत्रातला कोल्हा धूर्त असतो म्हणून रानातला कोल्हा कोणी कारस्थानी मानत नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांना गोष्ट सांगताना पात्रांच्या ठळक रेषा आखणे हा कथेकऱ्याचा हक्कच आहे. शिवाय जेक्स यांनी स्वतःचा नियम स्वतःच मोडला आहे. ‘मॉसफ्लॉवर’ (१९८८) मधील जुलमी रानमांजरीचा भाऊ जिंजिव्हियर सात्त्विक आहे. ‘द बेलमेकर’ (१९९४) मधील ब्लॅगट हा सागरी लुटारू उंदीर मठातल्या पिल्लांच्या मायेने विरघळतो. असा एक जरी निघाला, तरी ‘जातच तशी’ हे स्पष्टीकरण कोसळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खरा फेरेट सशाला मारतो तेव्हा तो पाप करीत नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते पशूच्या ठायी विवेकबुद्धी नाही, म्हणून त्याच्या कृतीला पाप वा पुण्य म्हणता येत नाही. पण कथाकार ज्या क्षणी प्राण्याला वाचा देतो, त्याला बेत आखायला, खोटे बोलायला आणि लाजायला शिकवतो, त्या क्षणी त्याने त्याला बुद्धी व इच्छाशक्ती दिलेली असते. मग दोनच पर्याय उरतात. एक तर तो दुष्टावा त्याच्या स्वभावाने त्याच्यावर लादलेला आहे. तसे असेल तर दोष त्याचा नाही आणि त्याला हद्दपार करणे हा अन्याय आहे. किंवा तो आपल्या इच्छेने दुष्ट झाला. तसे असेल तर तो चांगलाही होऊ शकला असता. ‘जन्मतःच दुष्ट आणि तरीही दोषी’ असे म्हणणे म्हणजे आंधळ्याला दिसत नाही म्हणून शिक्षा करणे होय.

संत ऑगस्टीन तरुणपणी सुमारे ९ वर्षे मानीच्या पंथात होते. जगात प्रकाश आणि अंधार अशी दोन मूळ तत्त्वे आहेत, अशी त्या पंथाची शिकवण होती. त्यातून बाहेर पडताना त्यांना उमगले, की वाईटाला स्वतःचे असे अस्तित्वच नाही. जे असायला हवे त्या चांगल्याचा अभाव म्हणजे वाईट. १२१५ सालच्या लॅटरन महापरिषदेने तर स्पष्ट सांगितले, की सैतानालाही परमेश्वराने चांगलेच निर्माण केले होते, तो दुष्ट झाला तो आपल्या करणीने. ज्या ख्रिस्तसभेने सैतानाच्या बाबतीतही ‘जन्मतःच दुष्ट’ हे शब्द नाकारले, तिच्या लेकरांनी ते कोणाच्या तान्ह्या बाळाविषयी उच्चारावेत काय?

हीच अडचण आणखी एका कॅथोलिक लेखकाला छळत होती. जे. आर. आर. टॉल्किन यांनी आपल्या महाकथेत ऑर्क नावाची क्रूर सेना उभी केली. ऑर्कांच्या उत्पत्तीबाबत एका कॅथोलिक ग्रंथविक्रेत्याने शंका काढली. तिला उत्तर देणाऱ्या १९५४ च्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. पत्र मात्र पाठवले गेले नाही. दुष्टशक्ती काही निर्माण करू शकत नाही, ती फक्त निर्माण झालेले बिघडवू शकते, या श्रद्धेला टॉल्किन घट्ट धरून होते. पण मग ऑर्कांना तारण आहे की नाही, याचा उलगडा त्यांना अखेरपर्यंत समाधानकारकपणे करता आला नाही. श्रद्धावंत लेखकाची ही अस्वस्थता मला मोलाची वाटते.

येथे वाचक म्हणतील, “फादर, मूळ पापाचे काय? आपण सगळे पापातच जन्मतो ना?” प्रश्न योग्य आहे. मूळ पापामुळे मानवी स्वभाव जखमी झाला, पापाकडे त्याचा कल झाला. पण तो समूळ सडलेला नाही. आणि स्नानसंस्कारानंतरही उरणारा तो कल हे स्वतः पाप नव्हे, असे त्रेंतच्या परिषदेने १५४६ साली शिकवले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही जखम सर्वांना सारखी आहे. मूळ पापाची शिकवण उंदीर आणि फेरेट यांच्यामध्ये रेघ ओढत नाही. ती ब्रायोनीलाही लागू आहे, बेलालाही आहे, आणि वेदीवर उभ्या राहणाऱ्या माझ्यासारख्यालाही आहे.

कोणी तापट जन्मतो, कोणी लोभी प्रवृत्तीचा, हे मी नाकारत नाही. तसेच, सारा दोष संगतीचा म्हणून वेलला मोकळा सोडणेही मला मान्य नाही. विष कालवले ते त्याच्याच हातांनी. ‘रक्तच तसे’ आणि ‘परिस्थितीच तशी’ ही दोन्ही उत्तरे माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेतात.

हा केवळ गोष्टीतला खेळ नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा करून काही जमातींना जमात म्हणून गुन्हेगार ठरवले. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरला अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले. त्या वसाहतीला लोक ‘सेटलमेंट’ म्हणत. तेथे जन्मलेल्या बाळाने काही करण्याआधीच त्याचे नाव ‘वेल’ ठेवले गेले होते. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. पण लोकांच्या मनातला कायदा कोणत्या तारखेला रद्द होतो? लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ज्यांनी वाचले आहे, त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात एका निपुत्रिक जोडप्याने बाळ दत्तक घेतले. स्नानसंस्काराची तारीख ठरवायला ती मंडळी आली तेव्हा आजी मागे थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “फादर, रक्त कोणाचं, कुणास ठाऊक.” त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, भीती होती. मी त्यांना म्हणालो, “आजी, तुमच्या-माझ्या रक्ताची तरी आपल्याला कुठे खात्री आहे?” त्या हसल्या नाहीत. स्नानसंस्काराच्या दिवशी विधीप्रमाणे मी आईवडिलांना विचारले, “या बाळाचे नाव काय ठेवता?” आणि मग त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण केली. मूळ पापापासून मुक्तीची प्रार्थना मी म्हटली ती इतर प्रत्येक बाळासाठी म्हणतो तीच. दत्तक बाळासाठी वेगळी प्रार्थना ख्रिस्तसभेने लिहिलेली नाही.

आता त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर देतो. उशीर झाला याबद्दल क्षमा असावी. बाळ, वेल जन्मतः दुष्ट नव्हता. त्याने दुष्कृत्ये केली आणि त्यांचा जाब त्यालाच द्यावा लागणार होता. पण त्याची शेवटची कृती होती ती प्रेमाची. प्रभू येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या चोरालाही शेवटची घटकाच मिळाली होती, आणि ती प्रभूने पुरेशी मानली. ब्रायोनीने आपल्या लेकराचा हिशेब फार लवकर मिटवला. तू नाराज झालीस हे बरे केलेस. ती नाराजी जपून ठेव. पुढे वर्गात, शेजारात, किंवा स्वतःच्याच घरात कोणाविषयी ‘तो तसलाच’ असे कानांवर येईल, तेव्हा ती तुझ्या उपयोगी पडेल.