तिचा श्वास मोजताना

रात्रीची आवराआवर झाली की किडनीचा आजार झालेल्या तुमच्या मांजरीजवळ जमिनीवर बसा. फोन दुसऱ्या खोलीत राहू दे. रक्ताच्या रिपोर्टची फाईल मिटून ठेवा. झोपली असेल तर तिला उठवू नका.

तिच्या कुशीकडे पाहा. कूस वर आली, खाली गेली, हा एक श्वास. घड्याळ लावून मिनिटभर मोजा. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतात. पुन्हा पुन्हा मोजूनही आकडा तिशीच्या वरच राहिला, तर इथेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. तिशीच्या आत असेल, तर आता मोजणं सोडा. नुसतं पाहा.

मनात एक टोचणी येईल : मला आधी कसं कळलं नाही? येऊ द्या. उतारवयातल्या मांजरांना किडनीचा आजार पुष्कळदा होतो, आणि किडनीचं बरंचसं काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसं काही जाणवत नाही. त्यात मांजराची जात दुखणं अंगावर काढणारी. तुमची नजर कमी पडली नाही, तिने कळू दिलं नाही. हे एकदा सावकाश स्वतःला सांगा.

आता मानेमागच्या सैल कातडीवर अलगद हात ठेवा. सकाळी इथंच सलाईनची सुई टोचली होती. कातडीखाली पाण्याचा मऊ फुगा आला होता, तो जिरला. टोचताना ती फिस्कारली, तुमचं मनगट ओरबाडलं, आणि थोड्या वेळाने खिडकीत बसून पंजा चाटू लागली. तिच्या लेखी सुई तिथं संपली. उद्याची सुई फक्त तुम्हाला टोचते आहे. दुखणं तिचं, धास्ती तुमची. दोन्ही खरी आहेत, पण तुमची धास्ती तिच्यावर लादू नका. हात ठेवा, श्वास सोडा.

ती घुरघुरली तर बरं वाटेल. पण दुखत असतानाही मांजरं घुरघुरतात, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. वाटीचा आवाज आला की उठते का? ट्रेपर्यंत स्वतः जाते का? अंग चाटून स्वच्छ ठेवते का? उत्तरं रोज वहीत लिहा. ओलं खाणं जरा कोमट करून द्या, वास सुटला की भूक चाळवते. दिवसभर तोंडाला काहीच लावलं नाही, तर उद्यावर ढकलू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते. आणि माणसांची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते.

वहीत वाईट दिवस चांगल्यांहून जास्त दिसू लागले, की वही डॉक्टरांसमोर उघडा आणि विचारा, यापुढचे उपचार तिच्यासाठी आहेत की माझ्यासाठी? उत्तर जड जाईल, तरी विचारा. ती विचारू शकत नाही.