हवं, पण इथंच का?

आत्ता पहाटे परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं कुणी फिरायला निघालं असेल. पाऊल वाजलं की टिटवी ओरडते. तिची अंडी उघड्या मातीवरच असतात, खड्यांच्या रंगाची. जाणता माणूस दोन पावलं बाजूनं जातो.

मुंबईत आरेच्या रस्त्यानंही लोक असेच पहाटे फिरतात. तिथं बिबट्याचा वावर आहे, वारली पाडे आहेत. तिथंच मेट्रोची कारशेड ठरली. लोकांनी विरोध केला. मेट्रोला नव्हे बरं का! लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला मेट्रोची गरज कुणी सांगायला नको. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं: हवं, पण इथंच का?

ऑक्टोबर 2019. उच्च न्यायालयानं झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं, तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. पुढं कारशेड तिथंच झाली. 2024 मध्ये गाडी धावली. प्रवास सुखाचा झाला, हेही खरं.

मला खटकते ती रात्र. काम चांगलं असेल, तर ते दिवसाउजेडी, विचारून करता येतं. घर वाढवताना आपण शेजाऱ्याला विचारतो. बांधावरचा लिंब तोडताना कुणाला विचारतो? रस्ता रुंद हवा, दुकान मोठं हवं. हवं, पण इथंच का? श्रोतेहो, आज कुठं कुऱ्हाड उचलायचं ठरलं असेल, तर त्या झाडाखाली दुपारी टेकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारून या.